दिवाळसणाचं बिल

माणसांना जनावरासारखं वागवावं आणि तरी माणसांनी दुवाच द्यावा, असा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमचे दाजी पशुधन पर्यवेक्षक होते. पस्तीस वर्षं त्यांनी इंदापूर तालुक्यात काढली. वरकुट्यापासून भवानीनगरपर्यंत असा गोठा नसेल जिथं त्यांनी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला नाही. आता निवृत्त होऊन कळंबला घर बांधून राहतात. नोकरी गेली, पण हाताची सवय गेली नाही. समोरच्याला ताप आहे का हे बघायला ते कपाळाला हात लावत नाहीत, कानाचं मूळ धरतात. लहान मूल पायाशी आलं की आधी त्याचा ओठ वर करून दात बघतात, मग नाव विचारतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन मुलगा कसा आहे असं विचारलं. दाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जसं काही पहिल्यांदाच बघत होते, आणि म्हणाले, "खोड न्हाय. पायानं सरळ हाय. खायाला जरा जास्त लागतं, पण कामाला वढतोय." सासऱ्यांच्या दावणीला चार बैल होते. त्यांना एवढं पुरलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, दाजींच्या त्या बोलण्यापलीकडं माझ्यात कुणाला अजून काही सापडलेलं नाही.

दाजींची तत्त्वं दोनच. एक, निवृत्तीनंतर जनावर बघायचे पैसे घ्यायचे नाहीत. पहाटे कुणी आलं तरी पायात चप्पल सरकवून निघायचं आणि परत आल्यावर चहा आपल्याच घरी प्यायचा. दुसरं तत्त्व असं, की दारात जे बांधलं त्यानं आपली वैरण आपण कमवायची. हे फक्त गाई-म्हशींपुरतं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ताईनं एकदा हौसेनं पिठाची घरघंटी घेतली, तर दाजींनी आळीतल्या बायकांची दळणं त्यात सुरू करून दिली. दीड वर्षानं घरघंटीची किंमत वसूल झाली त्या दिवशी त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि आलेल्या बायकांना सांगितलं की आता ती रिटायर झाली, दुसरी गिरणी बघा. ताई म्हणते की संसारात तिला एकच धास्ती कायम वाटत आली, हे कधी तरी आपल्याकडं वळून किती वसूल झाली याचा हिशेब करतील.

अशा माणसाच्या हातात क्रेडिट कार्ड आलं ते हयातीच्या दाखल्यापायी. पेन्शनच्या बँकेत ते दाखला द्यायला गेले होते. तिथल्या तरण्या साहेबानं चहा पाजला, चार फॉर्मांवर सह्या घेतल्या, आणि पंधरा दिवसांनी टपालानं कार्ड आलं. दीड लाखाची मर्यादा. आपण मर्यादा म्हणतो, दाजींनी ते मूल्यांकन समजलं. जन्मभर त्यांनी गाईंच्या विम्याचे फॉर्म भरले होते. जात, वय, वेत बघून समोर किंमत लिहायची. आता बँकेनं त्यांची लिहिली होती. मी गेलो तेव्हा कार्ड माझ्यापुढं धरून म्हणाले, "चांगली दुसऱ्या वेताची संकरित गाय लाखाच्या वर जात न्हाय, पाव्हणं. आणि माजं वय बघा." मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की ही किंमत नाही, उधारी आहे. ते म्हणाले, किंमत असल्याशिवाय उधारी कोण देतं. वर्षभर ते कार्ड शर्टाच्या खिशात राहिलं. ते खिशात घालून दाजी फक्त लग्नांना जायचे.

मग माझ्या भाचीनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, बंगळुरूला तिच्या कचेरीतल्या एका मुलाशी नोंदणी लग्न केलं. मुलगा नागपूरचा, शांत, चष्मेवाला, दोन्ही घरची संमती होती. फक्त मांडव नव्हता, बँड नव्हता, पंगत नव्हती. खर्च नको, असं मुलगी म्हणाली. दाजी "बरं" म्हणाले. पण ज्या माणसानं तालुकाभर दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नात अक्षता टाकल्या त्याला आपल्या मुलीच्या लग्नात नुसती सही करायला लावली, हे त्यांच्या पोटात राहिलं होतं. पहिली दिवाळी आली. दिवाळसणाला जावई येणार असं ठरलं, आणि दाजी मला घेऊन बारामतीला खरेदीला निघाले. मी बारामतीतच राहतो, त्यामुळं दुकानं मला ठाऊक होती. दाजी काय करणार हे मात्र ठाऊक नव्हतं.

सोन्याची अंगठी झाली, दोघांना कपडे झाले. मग जावई दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतात आणि त्यांची पाठ दुखते, असं मुलगी फोनवर एकदा बोलून गेली होती, ते दाजींना आठवलं. एका मोठ्या दुकानात मालिश करणारी खुर्ची होती. दाजींनी तिच्यात बसून बघितलं नाही. तिच्याभोवती एक फेरी मारली, पाठीत मूठ दाबून आतले गोळे चाचपले, विक्रेत्याला विचारलं की बिथरत तर नाही ना, आणि खिशातलं कार्ड काढलं. खुर्ची टेम्पोतनं कळंबला उतरली तेव्हा दोन माणसं दाढा दाखवायला आली. त्यांना वाटलं दातांचा डॉक्टर आला.

दिवाळीत जावईबापू त्या खुर्चीत एकदाच बसले. घरातले सगळे समोर सतरंजीवर बसून बघत होते. चार मिनिटं ते खुर्चीबरोबर हलले, मग "छान आहे" म्हणून उतरले आणि पुन्हा तिच्या वाटेला गेले नाहीत. भाऊबीज झाल्यावर दाजींनी गाडी ठरवून सगळ्यांना दापोलीच्या पुढं समुद्रावर नेलं, मलाही आणि माझ्या बायकोलाही. तीन दिवस हॉटेल, मासे, नावेतनं डॉल्फिन. दाजींनी डॉल्फिन पाहिले नाहीत. किनाऱ्यावर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यांपैकी एक मागचा पाय जपून टाकत होता. ते तिथंच वाळूत बसून त्याच्या खुरातला खडा काढत राहिले, आणि घोडेवाल्यानं फुकट फेरी देऊ केली तर त्यांनी घोड्याला चार दिवस विश्रांती लिहून दिली. हॉटेलचं बिल भागवताना मात्र ते काउंटरपुढं फोटोला उभं राहावं तसे उभे होते. जावई पुढं आले तर त्यांनी त्यांना एका हातानं मागं सारलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर मांडव दिसला, पंगत दिसली, सगळं दिसलं.

डिसेंबरात बिल आलं. त्यात शेवटी किमान भरायची रक्कम लिहिली होती, ती साडेसहा हजारांच्या आसपास. दाजींना बँकेच्या माणुसकीचं कौतुक वाटलं. त्यांनी तेवढी भरली आणि मला फोन करून सांगितलं की बाकीचं त्यांनी सोडलेलं दिसतंय. मी त्याच दिवशी कळंबला गेलो. व्याज समजावून सांगितलं. दाजींचा विश्वास बसला नाही. पुढच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, नव्या कागदावर बोटानं टिचकी मारली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "फुगलंय." पोटफुगीत जनावर तासाभरात जातं, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. त्यानंतर त्यांना काही समजवावं लागलं नाही.

मी पैसे देऊ केले. मेव्हण्याकडनं घ्यायचे नाहीत, असं त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. ठेव मोडा म्हटलं, तर गाभण जनावर मधेच विकायचं नसतं, म्हणाले. रोज चार गोठे फिरता, निदान पेट्रोलचे तरी पैसे घ्या म्हटलं, तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चहाचा कप उचलून मोरीत ठेवून आलो. मुलीला कळवायचं नाही, ही शपथ त्यांनी मला आणि ताईला वेगवेगळी घातली. दिवाळसणाचं बिल जावयाला कळलं तर दिवाळसण कसला, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी वाटणी केली. अंगठी-कपडे आणि समुद्र यांना काही कमवता येत नाही, म्हणून ते पेन्शनमधनं. त्यासाठी त्यांनी स्वतःची वैरण कमी केली. हॉटेलातला सकाळचा चहा बंद, पेपर न्हाव्याच्या दुकानात, आणि नव्या चपला पुढच्या वर्षी. राहिली खुर्ची. ती दारात बांधलेली होती. तिनं आपलं आपण बघायचं होतं.

संक्रांतीनंतर खुर्ची पडवीत आली. पंधरा मिनिटांना दहा रुपये. पहिले आले उसाच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. कारखान्याच्या रांगेत रात्र-रात्र बसून त्यांच्या कमरेचं लाकूड झालेलं असायचं. मग म्हातारे आले. दाजी प्रत्येकाला आधी उभं करून पाठीवरनं हात फिरवायचे आणि ठरवायचे की कुठलं बटण दाबायचं. एका आबांना त्यांनी परत पाठवलं. तुमचा मणका घसरलाय, डॉक्टरकडं जा, खुर्चीनं मराल, असं स्पष्ट सांगितलं. आबांनी बारामतीला जाऊन पाठीचा एक्स-रे काढला, तर मणका खरंच घसरलेला. त्या दिवसापासून लोक खुर्चीत बसायच्या आधी दाजींच्या हाताखालनं जाण्यासाठीच दहा रुपये द्यायला लागले. मी दाजींना म्हणालो की हे तपासणीचे पैसे झाले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "माणसाचं घ्याला हरकत न्हाय. माणूस बोलतोय."

महिनाभर हे पुरुषांचंच चाललं होतं. एक दिवस ताई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बायांना काय पाठ नसती व्हय?" आणि बुधवारची दुपार बायकांची झाली. दर पाच रुपये. दाजींनी सांगून बघितलं की खुर्चीला वीज तेवढीच लागते, पण बुधवारी त्यांना घरात थांबायचीच मुभा नव्हती. जन्मभर खुरपणीला वाकलेल्या बायका यायच्या, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसायच्या. एक जण बसल्या बसल्या झोपली. पुढचीची पाळी आली तरी तिला कुणी उठवेना. ताई सांगते, त्या दुपारी सगळ्या बाया तासभर दबक्या आवाजात बोलत बसल्या होत्या आणि गल्ला पाच रुपयेच झाला.

आलेले पैसे दाजी घरात ठेवत नसत. दूध साठवलं की नासतं, ते रोजच्या रोज डेअरीला घातलं पाहिजे. तेव्हा संध्याकाळी सातच्या सुमाराला लोक किटल्या घेऊन डेअरीकडं निघाले की हे खिशात चिल्लर घेऊन ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात जायचे. दुकानदार त्यांची रोकड घ्यायचा आणि आपल्या फोनवरनं कार्डाच्या खात्यात भरायचा. कधी दोनशे चाळीस, कधी एकशे दहा. बँकेला क्रेडिट कार्डाचा भरणा दुधासारखा रोज घेण्याची सवय नसावी, पण तिनं तक्रार केली नाही.

असं आषाढापर्यंत चाललं. मग एका सकाळी बंगळुरूहून भाचीचा मला फोन आला. नमस्कार वगैरे काही न करता तिनं विचारलं, "मामा, बाबांना काय झालंय?" मी म्हणालो काही नाही, परवाच्या रविवारी तर तुझं बोलणं झालंय ना. ती म्हणाली, "झालं. बरं हाय म्हणाले. पण तुम्ही आज जाऊन या." का, ते सांगेना. मी दुपारी गेलो, तर दाजी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेले. तीन दिवस ताप. स्वतःचा कान स्वतःच धरून त्यांनी एकशे दोन असं निदान केलं होतं आणि ताईला गप्प बसवलं होतं. मी थर्मामीटर लावला. एकशे दोनच होता. गाडीत घालून बारामतीला नेलं, रक्त तपासलं, पेशी कमी झालेल्या. डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस घरी ठेवलं असतं तर जड गेलं असतं. चार दिवस सलाइन लागलं. त्यातही शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा श्वास मोजून त्यांनी नर्सला दोनदा बोलावलं, आणि दोन्ही वेळा ते बरोबर निघाले.

पहिल्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून मी भाचीला फोन लावला आणि विचारलं की तुला कळलं कसं. आधी तिनं ताप उतरला का ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "मामा, तीन दिवस पैसे भरले नव्हते ना."

बँकेत फॉर्म भरताना फोन नंबर विचारला, तेव्हा दाजींनी मुलीचा दिला होता. गोठ्यात फोन वाजला की जनावर बिथरतं म्हणून ते आपला फोन घरी ठेवतात. बँकेचा फोन न उचलणं बरं दिसत नाही, हा त्यांचा विचार. त्यामुळं दिवाळीच्या आधी खुर्ची घेतली तेव्हाच तिला मेसेज गेला होता. समुद्रावरच्या हॉटेलाचा गेला, पहिल्या बिलाचा गेला, फुगलेल्या बिलाचाही गेला. जावयानं सगळी रक्कम त्याच दिवशी भरायला घेतली होती. तिनं त्याचा हात धरला. तू भरलेस तर बाबा खुर्ची विकतील, आपले पैसे परत पाठवतील आणि पुन्हा कधी आपल्याला समुद्रावर नेणार नाहीत, असं तिनं त्याला सांगितलं. मग संक्रांतीनंतर ते छोटे छोटे मेसेज यायला लागले. रोज संध्याकाळी, सव्वासातला. खुर्ची पडवीत येऊन कमवायला लागल्याचं गावातल्या एका मैत्रिणीनं तिला कळवलं होतं. तोवर रविवारच्या फोनवर बापाकडनं तिला "बरं हाय" एवढंच मिळायचं. आता दोघं कामावरनं येऊन चहा करायचे आणि मेसेजची वाट बघायचे. आकडा मोठा आला की जावई म्हणायचा, आज गिऱ्हाईक चांगलं होतं. बुधवारी कमी यायचा तो का, हे त्यांना बरेच दिवस कोडं होतं. शेवटी तिनं आईला आडून विचारून काढून घेतलं. ती म्हणाली, "मेसेज आला की कळायचं मामा, बाबा आज चालत दुकानापर्यंत गेले. धड आहेत." मी हे दाजींना सांगायचं नाही, अशी तिनंही मला शपथ घातली. एकाच बिलापायी माझ्यावर बाप-लेकीच्या उलट्यासुलट्या दोन शपथा झाल्या, आणि दोन्ही मी पाळतो आहे.

दाजी हिंडायला लागले, खुर्ची पुन्हा सुरू झाली, आणि गणपती उठायच्या आत बिल संपलं. शेवटचा भरणा एकशे नव्वद रुपयांचा होता. बाकी शून्य असल्याचा कागद त्यांनी झेरॉक्सवाल्याकडनं छापून घेतला, त्याला पेढा दिला, घरी आल्यावर खुर्चीला हळदकुंकू वाहिलं आणि पडवीत बसलेल्यांना सांगितलं की आजपासून ती फुकट. लोक अजून येतात. आधी दाजींच्या हाताखालनं जातात, मग बसतात. बुधवार बायकांचाच आहे.

मागच्या महिन्यात दाजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ताई चहा टाकत होती तेवढ्यात मला हाताला धरून परड्यात नेलं. तिथं कुणी नाही असं बघून म्हणाले, "पाव्हणं, पोरीचं कायतरी बिनसलंय."

मी विचारलं, काय झालं.

"रोज फोन करती. सव्वासातला. पयलं आठवड्याला एकदा करायची. आता न चुकता रोज." त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. "न खाणारं जनावर कळतंय मला. पर फोनवर कान धरता येत न्हाय. जावई गरीब वाटतोय, पर तितं दोघंच असत्यात. तुमी मामा हाय. तुमाला सांगंल. आमाला न्हाय सांगायची."

मी म्हणालो, विचारून बघतो. ते म्हणाले की घाई करू नका, आडून विचारा, तिला वाईट वाटायला नको. मग आम्ही आत आलो आणि चहा प्यालो. सातच्या सुमाराला दाजी एकाएकी उठले, हातपाय धुतले, धुतलेला शर्ट घातला आणि पडवीत फोनजवळ येऊन बसले. कुणी तरी म्हैस दाखवायला आलं होतं, त्याला त्यांनी अर्ध्या तासानं यायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना जनावराला थांबवताना पाहिलं नव्हतं. सव्वासातला फोन वाजला. दाजींनी लगेच उचलला नाही. हात फोनवर ठेवून दोन रिंगा जाऊ दिल्या, आपण वाट बघत होतो हे तिला कळू नये म्हणून, आणि मग उचलून म्हणाले, "बोल. बरं हाय."

मी अजून तिला काही विचारलेलं नाही.